गलाईच्या दुकानातला तांबडा धूर आणि आपली पोरं: दुकानमालकांना खुले पत्र

प्रति,
देशभर गलाईची दुकानं चालवणारे आमच्या भागातले सर्व काका, मामा, दादा
आणि गावोगावच्या मंडळांचे पदाधिकारी

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलीच आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गलाईवाल्याची, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करणाऱ्याची मुलगी आणि एका गलाईवाल्याची बहीण. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी बैलजोडी विकली आणि नात्यातल्या एका शेठबरोबर रेल्वेनं दक्षिणेत गेले. पुढं वडिलांनी तमिळनाडूतल्या एका बाजारपेठेत स्वतःचं दुकान टाकलं. खाली भट्टी, वर माडीवर आमचं बिऱ्हाड. माझी पाटी, माझी सायकल, एम.एस्सी.ची फी, सगळं त्या भट्टीतून आलं. आज मी तालुक्यातच एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. या धंद्याचं मीठ मी खाल्लं आहे आणि ते आठवूनच लिहिते आहे.

यंदाच्या जत्रेला तुम्ही सगळे आलात. पंजाबपासून केरळपर्यंतच्या नंबरच्या गाड्या वेशीबाहेर लागल्या. दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली, तिथं मी एक कागद वाचून दाखवला. पुढच्या जत्रेत, दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक पोराच्या फुफ्फुसांची तपासणी व्हावी आणि गावच्या प्रत्येक दुकानात धूर ओढून धुणारी यंत्रणा बसवायला सामायिक निधी उभा राहावा, एवढंच त्यात होतं. वाचायला चार मिनिटं लागली. "पुढच्या वर्षी बघू," असं ठरलं आणि बैठक वेशीच्या कमानीच्या खर्चाकडं वळली. कमानीला माझा विरोध नाही, देवाच्या कामाला मीही वर्गणी दिली आहे. पण बैठक उठल्यावर एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पोरी, दुकानातल्या गोष्टी चावडीवर आणायच्या नसतात. बाजारात आपली पत जाते."

ते मला गप्प बसून मान्य करता येत नाही. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी दुकानात गेला. वडिलांच्या नाही, आंध्रातल्या एका नातलगांच्या. हात चांगला होता त्याचा. दोन वर्षांत कसोटीवर रेघ ओढून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, सांगायला शिकला. एका संध्याकाळी तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, एकदम जास्त धातू पडला, चंबू उतू गेला आणि खोली तांबड्या धुरानं भरली. तो आत गेला, चंबू उतरवला, खिडकी उघडली, बाहेर येऊन खूप खोकला. अर्ध्या तासानं बरं वाटलं. जेवला. रात्री फोनवर मला म्हणाला, "ताई, जरा घसा धरलाय." पहाटे चारच्या सुमाराला त्याला श्वास घेता येईना. तोंडातून गुलाबी फेस आला. दवाखान्यात पोहोचायच्या आत तो गेला. कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं गेलं. अठरा वर्षांच्या पोराचं हृदय कशानं बंद पडलं, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

ते मला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ग्रंथालयात बसून कळलं. तो तांबडा धूर म्हणजे मुख्यतः नायट्रोजन डायऑक्साइड. तो पाण्यात सावकाश विरघळतो. त्यामुळं नाकाघशाला जितका झोंबायला हवा तितका झोंबत नाही आणि थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातो. तिथल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. पुढचे काही तास माणूस ठीक दिसतो, जेवतो, बोलतो. मग फुफ्फुसात पाणी भरू लागतं. मधला हा वेळ काही तासांचा, कधी अख्ख्या दिवसाचाही असतो. त्या संध्याकाळीच त्याला ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात देखरेखीखाली ठेवलं असतं तर तो वाचू शकला असता. त्या दुकानात हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या घरावर माझा राग नाही, तेही त्या रात्री त्याच्या उशाशीच होते. पण आता मला माहीत आहे आणि हे पत्र वाचल्यावर तुम्हालाही माहीत असेल.

ज्यांच्या घरात गलाई नाही त्यांनाही माझं म्हणणं कळावं, म्हणून कामाबद्दल थोडं लिहिते.

सोनं खडकातून येवो की सोनाराच्या केरातून, ते आधी बारीक करून, धुऊन काढावं लागतं. कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात हट्टीची खाण आहे. तिथं गारगोटीचा खडक पिठासारखा दळतात, कारण टनभर दगडात सोनं मोजायचं ते ग्रॅममध्ये. आपण दळतो त्या फुटक्या मुशी, भट्टीच्या जुन्या विटा, फरशीवरची धूळ, पुसायच्या फडक्यांची राख. हाच न्यारा. जुन्या मराठीत हे काम करणाऱ्याला झारेकरी म्हणत. वडील पाटीत तो चूर घेऊन पाण्याला असा हेलकावा द्यायचे की काळी माती कडेनं निघून जायची आणि तळाशी बारीक पिवळी रेघ उरायची. त्या रेघेकडं बघूनच ते वजन सांगायचे. काट्यावर ठेवल्यावर फरक पडलाच तर गुंजभर.

शुद्ध करण्याची रीतही अशीच अंगात मुरलेली. तेजाबात चांदी-तांबं विरघळतं, सोनं विरघळत नाही. पण २२ कॅरेटचा दागिना तसाच टाकला तर सोन्याचंच प्रमाण एवढं की तेजाब आत शिरत नाही. म्हणून आधी त्यात चांदी किंवा तांबं घालून आटवायचं, सोनं चौथ्या हिश्श्यावर आणायचं, त्याचा पातळ पत्रा किंवा रवा करायचा आणि मग तो तेजाबात उकळायचा. तळाशी तपकिरी चूर राहतो. नवख्याला ते सोनं वाटतच नाही. तो चूर धुऊन, टाकणखार (बोरॅक्स) घालून मुशीत आटवला की पिवळाधमक होतो. माझी मुलं बारावीला आम्लराज, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, पाठ करतात. माझ्या चौथी शिकलेल्या वडिलांना त्यात सोनं विरघळवून हिराकशीनं (फेरस सल्फेटनं) ते पुन्हा खाली कसं बसवायचं, हे हातानं येत होतं. या विद्येचा मला अभिमान आहे आणि ती टिकावी अशी माझी इच्छा आहे.

आता या कामातून किती धूर निघतो, ते सांगते. २२ कॅरेटचा १०० ग्रॅम दागिना घ्या. त्यात शुद्ध सोनं ९१.६ ग्रॅम. ते चौथ्या हिश्श्यावर आणायचं तर तेजाबात विरघळणारा धातू एकूण सुमारे २७५ ग्रॅम लागतो. तो सगळा तांबं असेल आणि तेजाब कडक असेल, तर त्यातून जवळपास ४०० ग्रॅम नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत तो सगळा कोंडला तर हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सात हजारांहून जास्त भाग होतात. वीस भागसुद्धा जिवाला तात्काळ धोका मानले जातात. खिडकीतून बराचसा धूर निघून जातो, म्हणून आपली माणसं उभी राहू शकतात. पण जो राहतो तो रोज, वर्षानुवर्षं आत जातो. तांब्याऐवजी चांदी घातली तर हाच आकडा १२० ग्रॅमच्या आत येतो, तेजाबात पाणी घातलं तर धूर आणखी कमी होतो. स्वस्त पडतं म्हणून तांबं आणि लवकर उरकतं म्हणून कडक तेजाब. त्याची किंमत भट्टीपुढं उभं राहणारा पोरगा देतो.

माझी पहिली तक्रार या धुराचीच आहे. मी दक्षिणेत आणि मुंबईत आपल्या लोकांची पुष्कळ दुकानं पाहिली. माळ्यावर, जिन्याखाली, न्हाणीघरात तेजाबाचं काम चालतं. तोंडाला ओला रुमाल. रुमालानं हा वायू अडत नाही, करोनात घातलेल्या मास्कनंही अडत नाही. संध्याकाळी गूळ किंवा दूध देतात, "तेजाब उतरतं" म्हणून. गूळ पोटात जातो आणि वायू छातीत. ज्यांनी धुराडं केलंय त्यांनीही बहुतेक ठिकाणी धूर न धुता शेजारच्यांच्या खिडकीपुढं सोडलाय. काळबादेवी आणि झवेरी बाजाराच्या भागात रहिवाशांच्या तक्रारी आणि महापालिकेच्या कारवाया वर्षानुवर्षं चालू आहेत. त्यांना नावं ठेवण्याआधी त्या चाळीत आपलं लहान मूल निजलंय असं समजून बघा.

दुसरी तक्रार पाऱ्याची. न्याऱ्यातलं बारीक सोनं धरायला पारा घालतात, फडक्यातून पिळतात आणि उरलेला गोळा उघड्या शेगडीवर तापवून पारा उडवतात. कित्येकदा हे घरातल्या चुलीवर होतं आणि करणारी घरातली बाई असते. माझ्या आईनं केलं आहे. उडालेला पारा कुठं जात नाही. भिंतीवर, अंथरुणात बसतो आणि पुन्हा हवेत येतो. हात थरथरणं, विसरभोळेपणा, मूत्रपिंडाचं दुखणं ही त्याची लक्षणं आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो. जगभरात माणसांच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यात सर्वांत मोठा वाटा लहान प्रमाणावरच्या सोन्याच्या कामाचा आहे. पारा आटोक्यात आणण्यासाठी मिनामाता हा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१७ मध्ये अमलात आला आणि २०१८ मध्ये भारतानंही त्याला मान्यता दिली. फिलिपिन्समधल्या बेंगेट भागातले छोटे खाणकामगार पारा न वापरता, चांगलं धुतलेलं खनिज थेट टाकणखार घालून आटवतात. टाकणखार आपल्या प्रत्येक दुकानात डबाभर पडलेला असतो. न्यारा नीट धुण्याची कला आपल्याला त्यांच्याइतकीच येते. मग आपल्याला पारा कशाला हवा?

तिसरी तक्रार जुन्या केडीएम दागिन्यांची, कारण याकडं कुणाचंच लक्ष नाही. त्यांच्या डाखात, म्हणजे सांधे जोडायच्या धातूत, कॅडमियम असतं. सोनं १०६४ अंशांना वितळतं, कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. म्हणजे सोनं पातळ होण्याआधीच कॅडमियमची वाफ मुशीतून वर येऊन वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर आलेली असते. ती फुफ्फुस आणि मूत्रपिंड दोन्ही खराब करते, कर्करोगही होतो. तो दागिना ज्यानं घातला त्याला काही झालं नाही. तो आटवणाऱ्याला होतं.

सुक्या मुशी आणि विटा दळताना उडणाऱ्या धुळीचंही तेच. सिलिकाची ती धूळ छातीत बसली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर औषध नाही. पाणी मारून दळलं तर धूळ उडत नाही. इतकं साधं आहे.

चौथी तक्रार सगळ्यांत अवघड, कारण ती तुमच्या आणि माझ्या घरची आहे. दहावीचा निकाल लागला की पंधरा-सोळा वर्षांची पोरं दुकानात जातात. बालमजुरीच्या कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवणं हा गुन्हा आहे, पण मी कायद्याचा धाक घालायला हे लिहीत नाही. तीन-चार माणसांच्या दुकानाला कारखान्याचा कायदा सहसा लागत नाही, तपासायला कुणी येत नाही, आणि म्हणून त्या पोराची काळजी घेणारं शेठशिवाय दुसरं कुणीच उरत नाही. पोराच्या आईबापानं शेठच्या शब्दावर त्याला पाठवलेलं असतं. त्याचं नाव कुठल्या वहीत नसतं, विमा नसतो. आजारी पडला की गाडीत बसवून गावी पाठवतात. गावात त्याला क्षय आहे असं समजून सहा महिने औषधं चालतात. तो कोणतं काम करत होता हे डॉक्टरला कुणी सांगत नाही.

तेजाबाच्या निळ्या-हिरव्या पाण्याबद्दल थोडक्यात सांगते. मीठ घालून किंवा तांब्याची पट्टी ठेवून चांदी काढून घेतली की उरलेलं पाणी आपण गटारात ओततो. त्यात भंगार लोखंड टाकलं तर तांबं खाली बसतं आणि ते विकता येतं. मग चुन्यानं आंबटपणा मारून पाणी सोडावं आणि खाली बसलेला गाळ वेगळा ठेवावा. आपल्या शिवारात आता कुठं टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय. पाण्याची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको.

जत्रेच्या बैठकीत दरवर्षी पोलिसांचा विषय निघतो, त्यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. कुठल्यातरी चोरानं नाव घेतलं की आपल्या माणसाला परक्या राज्यातलं पोलीस ठाणं बघावं लागतं. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४११ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आलं. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून जो घेतो, तो गुन्हेगार, असं ते म्हणतं. ज्याला काहीच माहीत नव्हतं, त्याच्या मागं हे कलम लावून त्रास देणं अन्याय आहे. माझ्या वडिलांनीही तो सोसला आहे. पण वहीत प्रत्येक नगाची नोंद, देणाऱ्याचं ओळखपत्र, फोटो आणि वजन असेल तर आपल्याला ठामपणे उभं राहता येतं. ज्या वहीत दागिना लिहायचा, त्याच वहीच्या पहिल्या पानावर दुकानातल्या पोरांची नावं आणि वयं लिहायला काय हरकत आहे? सरकारकडं संरक्षण मागताना आपली दुकानं दाखवण्यासारखी असायला हवीत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

अठरा वर्षांच्या आतल्या कुणालाही तेजाब, पारा आणि भट्टीच्या कामाला लावायचं नाही. हे मंडळानं ठराव करून जाहीर करावं. ज्या घराला त्या पगाराची गरज आहे, त्या पोराला दुकानातलं हिशेबाचं, काट्याचं, गिऱ्हाइकाचं काम द्यावं आणि बारावी पूर्ण करू द्यावी.

तेजाबाचं काम फक्त बंद पेटीत, जिथून धूर निघतो तिथूनच तो ओढून घेऊन सोड्याच्या किंवा कॉस्टिकच्या पाण्यातून धुणाऱ्या यंत्रणेखाली व्हावं. स्वयंपाकघराचा पंखा चालणार नाही, तेजाबाच्या धुरात त्याचा पत्रा टिकत नाही. प्लॅस्टिकचा पंखा आणि नळ लागतात. एकट्या दुकानाला परवडत नसेल तर एका बाजारातल्या पाच-सहा दुकानांनी मिळून एक जागा करावी. कमानीसाठी वर्गणीचा जो हिशेब मांडला, तसाच याचाही मांडता येईल. आकडेमोड मी करून देते.

पारा बंद करावा. ज्यांना तो लगेच सोडता येत नाही, त्यांनी निदान उघड्यावर तापवू नये. झाकणाचं बंद भांडं आणि पाण्यानं गार ठेवलेली नळी वापरली तर बहुतेक पारा परत हाती येतो. आणि हे काम राहत्या घरात, बायका-लेकरांमध्ये आजपासून होऊ नये.

प्रत्येक दुकानात, त्या राज्यातल्या भाषेत आणि मराठीत, एक कागद भिंतीवर लावावा: तांबडा धूर छातीत गेला तर बरं वाटत असलं तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जायचं, रात्रभर तिथंच राहायचं आणि डॉक्टरला "नायट्रिक ॲसिडचा धूर" हे शब्द सांगायचे. याला एक पैसाही लागत नाही. ही मागणी पुढच्या वर्षावर ढकलू नका.

जत्रेत वर्षातून एकदा श्वासाची आणि मूत्रपिंडाची तपासणी व्हावी. कोणत्या दुकानातला कोण आजारी, याची यादी कुठं लावायची नाही. कागद ज्याचा त्याच्या हातात. तपासणीत दोष निघाला म्हणून कुणाला कामावरून काढायचं नाही. आणि जो या कामामुळं गेला किंवा कायमचा अंथरुणाला खिळला, त्याच्या घराला मंडळाच्या निधीतून मदत मिळावी. ती दया म्हणून नको, हक्क म्हणून हवी.

माझ्या म्हणण्यात कुठं चूक असेल तर दुरुस्त करा. धंद्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी दिवाळीच्या सुट्टीत येईन, ज्या दुकानात बोलवाल तिथं येईन आणि पेटी कशी बसवायची ते तुमच्या माणसांबरोबर बसून आखून देईन. माझ्याबरोबर आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या बाई यायला तयार आहेत.

दहावीचा निकाल लागला आहे. आमच्या वाडीतल्या चार पोरांची दुकानं ठरली आहेत. एक जण गुजरातेत जाणार, दोघं आंध्रात, एक केरळात. चौघांच्याही आया माझ्याकडं येऊन गेल्या. "बाई, तिथं धूर फार असतो का?" असं त्यांतल्या एकीनं विचारलं. त्या चौघांचे शेठ हे पत्र वाचतील. पोरांची तिकिटं या महिनाअखेरीची आहेत. त्याआधी मला तुमचं उत्तर हवं आहे.

आपली,
एका गलाईवाल्याची मुलगी
तालुका खानापूर, जिल्हा सांगली